कात्रणाची मागची बाजू

रोकडे सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा मी दापोड्याच्या गोदामात गाड्यांची यादी तपासत होते. कोणत्या गाडीत काय चढलं, गाडी किती वाजता सुटली, वगैरे. निरोपाखाली बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पालथा ठेवला, हातातली यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : ‘१. अकलोलीला जाणे.’ दोन नंबरला काय लिहायचं ते सुचेना. अकलोलीला जाणं तर दीड वर्षापासून माझ्या यादीत होतंच. रिटायर झाल्यावर सर तिथे बहिणीकडे राहायला गेले होते. ‘या एकदा, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसू, तुमचेही गुडघे दुखायला लागले असतील,’ असं म्हणाले होते. मी दर महिन्याला ती ओळ नव्या यादीत उतरवून घेत होते.

सर भिवंडीतल्या आमच्या कायद्याच्या कॉलेजात लायब्रेरियन होते. लायब्ररी पहिल्या मजल्यावर आणि खालच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम. खिडक्या बंद केल्या तरी खटखट जमिनीतून पायात यायची. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ‘या पाटीचं पालन फक्त लाइट गेल्यावर होतं,’ असं सर म्हणत.

मी चाळिशी उलटल्यावर ॲडमिशन घेतली होती. सकाळी कॉलेज, दुपारी गोदाम, संध्याकाळी घर. वेळ मोजका, त्यामुळे सगळं यादीत. शेवटच्या वर्षाला संशोधन प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला, गोदामातल्या चोऱ्या आणि फौजदारी न्याय. विषय घरचा वाटला. लागणाऱ्या पुस्तकांची टाइप केलेली यादी घेऊन मी पहिल्यांदा सरांच्या टेबलापाशी गेले. चौदा नावं, लेखकांसह.

सरांनी यादी नीट वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘यादी छान आहे, तरेबाई. प्रश्न कुठाय?’

‘कसला प्रश्न?’

‘तुम्हाला काय जाणून घ्यायचंय तो. पुस्तकं काय, सापडतील. आधी प्रश्न आणा.’ त्यांनी मला अर्धा कागद दिला. ‘एका ओळीत. प्रश्नचिन्हासकट.’

तो अर्धा कागद मी तीन वेळा भरून नेला आणि तीन वेळा परत आणला. पहिल्यांदा म्हणाले, ‘हा विषय झाला.’ दुसऱ्यांदा म्हणाले, ‘हे मत झालं.’ तिसऱ्यांदा नुसते हसले. माझ्या गाडीची वेळ होत होती. मी चिडून उभ्या उभ्या लिहिलं : ‘चोरीत पकडलेल्या माणसाचं पुढे काय होतं?’ सरांनी कागद वाचला आणि कपाटाच्या किल्ल्या उचलल्या. ‘चला. आता सापडेल.’

सगळ्यांशी त्यांची हीच तऱ्हा होती. एकदा माझ्यासमोर इम्रान नावाचा आमच्या वर्गातला मुलगा धापा टाकत आला. ‘सर, क्रिमिनल जस्टिस सिस्टिमपे कोई एक किताब दे दो ना. कल सबमिशन है.’

‘पूरी सिस्टिम एक किताब में? मेरे को भी चाहिए. मिली तो लाके देना, मैं तेरे नाम पे इश्यू करूँगा.’

‘सर, मजाक मत करो ना.’

‘बैठ. पानी पी. पुलिस के बारे में पूछना है, कोर्ट के, या जेल के?’

इम्रान तिथे दोन तास बसला. उठला तेव्हा त्याच्याकडे पुस्तक एकच होतं, पण त्यात सात ठिकाणी कागदाचे कपटे घातलेले होते. आता तो भिवंडीतच वकिली करतो. जुनिअरला अर्धा कागद देतो म्हणे.

शोधायचा क्रम सरांनी ठरवून ठेवला होता आणि तो ते बोटांवर सांगत. आधी कायदा. मग त्यावरचे वरच्या कोर्टांचे निकाल. मग समित्यांचे अहवाल आणि तुरुंगांची छापील आकडेवारी. मग जर्नलमधले लेख. कॉम्प्युटर त्यानंतर, कारण ‘काय शोधायचं ते माहीत असल्याशिवाय त्याच्यासमोर बसलं की तो आपल्याला शोधतो.’ आणि अगदी शेवटी, दुसऱ्या हाताच्या करंगळीवर, वर्तमानपत्रं.

‘शेवटी का?’ मी विचारलं होतं. ‘ताजी तर तीच असतात.’

‘ताजी असतात म्हणूनच. काय झालं असं लोकांना वाटलं, ते पेपर सांगतो. काय सिद्ध झालं, ते निकाल सांगतो.’

‘आणि खरं काय झालं ते?’

‘ते या इमारतीत नाही.’

हे बोलताना ते हसले नव्हते.

दुपारी जेवायला सर जिन्यात बसत. डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि सुका बोंबील. वासाने पोरांचा अभ्यास बिघडतो असं त्यांचं म्हणणं. पोरांचं म्हणणं होतं की अभ्यास बिघडत नाही, भूक लागते. टेबलाच्या खालच्या खणात एक पत्र्याचा डबा होता, त्यात घरी शिजवलेली खळ. मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, त्यामुळे किंचित निळसर. वडील सायझिंगमध्ये होते, सुताला खळ चढवायचं काम करायचे, त्यांच्याकडून शिकलेली. दुकानातल्या डिंकाला ते हात लावत नसत. काहीही चिकटवलं की त्यावर तळवा दाबून धरायचा आणि साठपर्यंत मोजायचं. मोजताना कोणी बोललं तर उत्तर द्यायचे नाहीत. प्रिन्सिपॉल येऊन उभे राहिले तरी नाही. साठ झाले की, ‘हं, बोला.’

ही खळ लागायची कात्रणांना. भिवंडी तालुक्यातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांची कात्रणं सर नोकरीला लागल्यापासून फायलींत लावत होते. एका कागदावर एक कात्रण. माझ्या विषयाची फाइल जाडजूड होती. मी ती हौसेने घेऊन बसले. फोन काढला, पानामागून पान भराभर फोटो काढले आणि चार दिवसांत झकास तक्ता तयार केला. अकरा चोऱ्या. आरोपींची नावं, माल, ठिकाण, गुन्ह्याची पद्धत. शेवटी निष्कर्ष : बहुतेक चोऱ्यांत आतल्याच कामगारांचा हात.

सरांनी तक्ता बघितला. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थोडं थांबलं, एवढं मला आठवतं.

‘ही पोलिसांची यादी झाली. तुमचा प्रश्न काय होता?’

‘पकडलेल्या माणसाचं पुढे काय होतं.’

‘मग? मागची बाजू बघितलीत?’

‘कशाची?’

त्यांनी फाइल आणली, एक पान उलटलं. कागदाच्या पाठीवर बरोबर मधोमध एक चिठ्ठी चिकटवलेली होती. सरांचं बारीक, सरळ अक्षर. नाव. आरोप. निकाल. कुणी तपासला. निकाल कुणाला कळवला. दुसरं पान उलटलं, तिथेही चिठ्ठी. पुढे प्रत्येक बातमीत अटक, आणि मागे चिठ्ठ्यांत ‘निर्दोष’, ‘पुराव्याअभावी मुक्तता’, ‘शिक्षा, एक वर्ष’, पुन्हा ‘निर्दोष’.

‘अटक झाली की पेपरात येतं,’ सर म्हणाले. ‘सुटला की येत नाही. म्हणून शनिवारी मी कोर्टात जातो, तारखा बघतो, निकालाच्या नकला काढतो. लागतात चार-सहा वर्षं एकेका चिठ्ठीला. तुम्ही चार दिवसांत फक्त पुढची बाजू नेलीत.’

रागावले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं. मी तिथेच बसून अकराच्या अकरा पानं उलटली. दहांना चिठ्ठ्या होत्या. चौथ्या पानाची पाठ कोरी होती. कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त ‘बाकी’ लिहिलेलं. पुढच्या बाजूला बातमी होती : गोदाम फोडून कापडाचे तागे नेणारी टोळी गजाआड, पाच जण ताब्यात. तिसरं नाव मिलिंद रोकडे. आडनाव मी आधीही वाचलं होतं. भिवंडीत रोकडे पुष्कळ.

‘सर, या एकाची चिठ्ठी नाही.’

‘नाही,’ असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला दिघाशीला नेलं. माझ्या तक्त्यातला सातव्या ओळीतला आरोपी तिथला. त्याचा निकाल नुकताच लागला होता आणि चिठ्ठीतला शेवटचा रकाना भरायचा राहिला होता. आम्ही टमटममधून उतरून बांधाबांधाने चालत गेलो. लहानू नाव त्याचं. कुडाच्या घराच्या ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. सरांना बघून उठला.

‘मास्तर, आज कोनाला आनलंव? वकीलबाई हाय का?’

‘व्हायच्यात. लहानू, तू निर्दोष सुटलास. निकालाची नक्कल आणलीय.’

‘सुटलो ता मना म्हायीत हाय, मास्तर. मी व्हतो ना थय उभा.’ तो हसला. ‘पन गोदामवाल्याला कोन सांगल? त्याच्याकं माझा फोटू हाय पेपरातला. गेटवरच सांगतात, तुजं नाव हाय, जा.’

सरांनी पिशवीतून नक्कल काढली. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवलेली. ‘भिजणार नाही. गेटवर ही दाखव. आणि नाहीच ऐकलं तर मला कळव.’

लहानूने ती हातात घेऊन वरखाली पाहिली. वाचता येत नव्हतं. मग म्हणाला, ‘माझा नाव कुठं हाय ता दाखवा.’ सरांनी बोट ठेवलं. त्याने त्या जागी आपलं बोट ठेवलं, घरात गेला आणि भाताच्या कणगीवर देवाची खुंटी होती, तिथे ती अडकवली. आम्हाला कोरा चहा दिला. सरांनी फाइलीतून आणलेलं पान मांडीवर उलटं ठेवून चिठ्ठीचा शेवटचा रकाना भरला : ‘स्वतः आरोपीला, घरी जाऊन.’

परत येताना टमटमची वाट बघत आम्ही एका झाडाखाली उभे होतो. मी काही विचारलं नव्हतं. सर आपणहून म्हणाले, ‘मिलिंद माझा धाकटा भाऊ.’

मग त्यांनी क्रमाने सांगितलं. मिलिंद गोदामात चेकर होता. चोरी झाली त्या दिवशी ड्युटी त्याची, म्हणून इतर चौघांबरोबर त्यालाही उचललं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. सर तेव्हा नोकरीत नवीन होते. तालुक्यातली गुन्ह्याची प्रत्येक बातमी फाइलला लावायची हा नियम त्यांनीच केलेला.

‘कात्री हातात घेऊन बसलो होतो. वाटलं, ही एक सोडून देऊ. मग वाटलं, बाकीच्यांनाही भाऊ असतील. त्यांच्या मी लावल्याच ना? लावली.’

काही महिन्यांनी मिलिंद जामिनावर सुटला. एके दिवशी डबा द्यायला लायब्ररीत आला. टेबलावर फाइल उघडी होती. कोणीतरी विद्यार्थी त्यातूनच टिपणं काढत होता. मिलिंदने पान बघितलं आणि एवढंच म्हणाला, ‘दादा, तू पण?’ डबा ठेवून गेला. पुन्हा कधी लायब्ररीचा जिना चढला नाही.

‘त्याच आठवड्यात मी पहिली चिठ्ठी लावली,’ सर म्हणाले. ‘दुसऱ्या कोणाची तरी.’

मिलिंदला पुन्हा गोदामात काम मिळालं नाही. भाजीची गाडी लावली, ती चालली नाही. तारखा चालू राहिल्या. मग काविळीने गेला. तो गेल्यावर पाच महिन्यांनी निकाल लागला. चौघेही निर्दोष. मिलिंदबद्दल निकालात एकच ओळ : आरोपी क्रमांक तीन मयत, सबब त्याच्याविरुद्धचा खटला संपुष्टात.

‘मग सर, लिहा की. बाकीचे चौघे निर्दोष म्हणजे तोही—’

‘“म्हणजे” हा शब्द निकालात नाही.’

‘निदान आहे तेवढं तरी लिहा.’

‘मी कसा लिहू? उद्या कोणी म्हणेल, लायब्रेरियनने भावाला घरच्या घरी सोडवला. मग बाकीच्या चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवील?’

टमटम आली. आम्ही बसलो.

गोदामात पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते लोखंडी कपाट उघडायचं. आमच्याकडे गेटची एक वही असते. कोणाला आत घ्यायचं नाही त्यांची नावं. पेपरात नाव आलं की वहीत चढवायचं ही पद्धत मी लागल्यावर मीच घातली होती, आणि आसपासची गोदामं एकमेकांच्या वह्या उतरवून घेत. सगळ्यात जुन्या वहीत, माझ्याच अक्षरात, सापडलं : रोकडे मिलिंद. कारण, चोरी. आधार, पेपर. त्या वहीत नाव काढून टाकायचा रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.

सरांना सांगायला मला तीन आठवडे लागले. तोवर कॉलेजमध्ये ठरलं होतं की कात्रणांच्या सगळ्या फायली स्कॅनिंगला द्यायच्या. सरांच्या रिटायरमेंटच्या आदल्या सोमवारी गाडी येणार होती. स्कॅन करणारा माणूस फक्त पुढची बाजू धरून भाव सांगून गेला होता. दोन्ही बाजू करायच्या, असं मी प्रिन्सिपॉलशी भांडून लिहून घेतलं. म्हणजे चौथ्या पानाची कोरी पाठही तशीच, कोरी, कायमची जाणार होती. हे सरांना माझ्याआधी कळलं होतं. ते दोन-तीन दिवस ती फाइल टेबलावर ठेवून बसले होते, उघडत नव्हते.

शनिवारी सकाळी मी गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. वहीचं, नावाचं, रकान्याचं. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण मध्येच सर म्हणाले,

‘वही आहे अजून?’

‘आहे. मी ती आज फाडून—’

‘फाडू नका. त्याला काम का मिळालं नाही, असं कोणी विचारलं तर दाखवायला काय राहील? आणलीय?’

पिशवीतून काढून दिली. सरांनी पान शोधलं. नावावरून बोट फिरवलं, एकदाच. मग म्हणाले, ‘अक्षर चांगलं आहे.’

एवढ्या वर्षांत मला कोणी एवढं कठीण काही बोललेलं नाही, आणि त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, हेही मला माहीत आहे.

त्यांनी खण उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली निकालाची नक्कल बाहेर काढली, कोरी चिठ्ठी काढली, आपलं पेन दिलं. ‘तुम्ही नात्यातल्या नाहीत. तुम्ही लिहा.’

मी बसले. नाव लिहिलं. आरोप लिहिला. निकालापाशी हात थांबला.

‘सर, निर्दोष लिहू?’

‘निकालात आहे का?’

‘त्याच्याबद्दल नाही.’

‘मग जे आहे ते.’ खाली लूम चालू होते. सरांचा आवाज नेहमीपेक्षा लहान आला. ‘जेवढं आहे तेवढंच.’

मी लिहिलं : ‘इतर चारही आरोपी निर्दोष. मिलिंद रोकडे निकालापूर्वी मयत. त्याच्याविरुद्धचा खटला संपुष्टात. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही.’ शेवटचं वाक्य सरांनी नकलेशी दोनदा ताडून पाहिलं. मग मान हलवली. ‘खरं आहे. राहू द्या.’

कुणी तपासला, तिथे मी सही केली. शेवटचा रकाना उरला.

‘कुणाला कळवला, तिथे काय लिहू?’

सर चष्मा पुसत होते.

‘भावाला,’ ते म्हणाले. मी लिहायला वाकले तर म्हणाले, ‘असं नाही. आधी कळवायचं, मग लिहायचं.’

म्हणून मी चिठ्ठी हातात धरून त्यांना वाचून दाखवली, सुरुवातीपासून. वाचताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते समोर हात बांधून उभे होते, निकाल ऐकताना लहानू कोर्टात उभा असेल तसे. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘कळलं.’ मग मी रकाना भरला.

खळ त्यांनीच लावली. पान उलटं ठेवलं, चिठ्ठी मधोमध बसवली आणि वर तळवा दाबला. नेहमीप्रमाणे ओठ हलायला लागले. माझी साडेअकराची गाडी भरायची होती. त्यांना मध्येच विचारायचं नाही हे माहीत होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत उभी राहिले. साठ झाले. मी ‘सर, निघते’ म्हणायला तोंड उघडलं.

त्यांचे ओठ थांबले होते. हात तसाच होता.

मी पिशवी उचलली आणि आवाज न करता जिना उतरले. वळणावरून एकदा वर पाहिलं. उघड्या दारातून टेबल दिसत होतं आणि टेबलावर वाकलेले सर. तळवा अजून कागदावरच होता.